प्रवेश १२०, पदवी ६८: मधली मुलं गेली कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या एका खासगी कॉमर्स कॉलेजात तुम्ही चार वर्षं शिकवताय. २०२२ साली पहिल्या वर्षाला १२० मुलांनी प्रवेश घेतला. २०२५च्या शेवटच्या सेमिस्टरला परीक्षेला बसली ७४, पास झाली ६८. कॉलेजच्या दारावर 'निकाल ९२ टक्के' असा फलक लागला. आता कॉलेजच्या व्यवस्थापन मंडळाचं म्हणणं, ज्या विषयाचा निकाल घसरेल त्या शिक्षकाची वेतनवाढ रोखायची. मुलं टिकावीत आणि जबाबदारीही न्यायानं ठरावी यासाठी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी याच शहरात ३० वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. शेवटची काही वर्षं कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं, म्हणजे आयक्यूएसीचं काम माझ्याकडे होतं. आता निवृत्त आहे. तेव्हा खाली जे लिहितेय त्यातलं काही जमलेलं आहे, काही सपशेल फसलेलं.

आधी तो फलक. ९२ हा आकडा खोटा नाही. ६८ला ७४नं भागलं की तेवढाच येतो. प्रश्न भाजकाचा आहे. परीक्षेला जी बसली त्यांनी भागलं, कॉलेजात जी आली होती त्यांनी भागलं नाही. १२०नं भागलं तर ५७ टक्केसुद्धा पुरते भरत नाहीत. आणि यातली खरी मेख पुढे आहे. समजा १०० मुलांतली ७० पास होणार आहेत. उरलेल्या ३०पैकी २० जणांना हजेरी कमी म्हणून फॉर्मच भरू दिला नाही. आता बसली ८०, पास ७०. निकाल ७०चा साडेसत्त्याऐंशी टक्के झाला! शिकवणं तेच, मुलं तीच, फक्त कच्ची मुलं भाजकातून गेली. म्हणजे तुमची वेतनवाढ ज्या आकड्यावर ठरणार आहे तो वाढवायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे मुलं गळू देणं. मंडळापुढे एवढी चार ओळींची आकडेमोड फळ्यावर करून दाखवा. त्यांच्यात दोन-तीन तरी व्यापारी असतील, त्यांना भाजक लगेच कळतो.

अमेरिकेत १९९०च्या एका कायद्यानं कॉलेजांना पदवी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करणं भाग पाडलं. तिथं एका वर्षी पहिल्यांदाच पूर्णवेळ प्रवेश घेतलेली सगळी मुलं भाजकात धरतात आणि चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत वाट पाहतात. वाटेत कॉलेज सोडलं म्हणून मूल हिशेबातून सुटत नाही. या मोजणीतही खोट आहेच. दुसऱ्या कॉलेजात जाऊन पदवी मिळवणारं मूल पहिल्या कॉलेजाच्या खात्यावर गळालेलंच दिसतं. ती खोट तुम्ही टाळू शकता, कारण तुमच्याकडे १२०च नावं आहेत आणि १२० घरी विचारता येतं.

तेव्हा पहिलं काम यादी. ऑफिसात ज्यांच्याकडे जनरल रजिस्टर असतं त्या क्लार्कशी आधी मैत्री करा. प्राचार्यांपेक्षा या कामात तेच जास्त उपयोगी पडतील. २०२२ला प्रवेश घेतलेल्या १२० जणांची नावं एका शीटवर एकाखाली एक घ्या. पुढं प्रत्येक सेमिस्टरला तीन रकाने: फॉर्म भरला का, परीक्षेला बसला का, किती एटीकेटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले पेपर, राहिल्या. शेवटचा रकाना, आता कुठं आहे. बदली होऊन दुसऱ्या कॉलेजात गेला, नोकरी, लग्न, आयटीआय, घरी, माहीत नाही. सुरुवातीला 'माहीत नाही' हाच रकाना सगळ्यांत लांब निघेल. निघू द्या. पाच वर्षांचा डेटा गोळा करायच्या भानगडीत पडू नका, एकाच तुकडीची यादी पुरी करा. आम्हाला क्लार्कसाहेबांसकट चार दिवस लागले आणि त्यातला एक दिवस दोन सारख्या नावांचे पटेल वेगळे करण्यात गेला.

यादी होईपर्यंत आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांची एक ठाम समजूत होती की मुलं नापास होतात म्हणून सोडून जातात. यादीनं ती मोडली. नापास होऊन गेलेली थोडी होती. परीक्षेला न बसताच गेलेली त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यांतली बहुतेक पहिल्याच सेमिस्टरमध्ये, पहिली इंटरनल, म्हणजे कॉलेजचीच अंतर्गत परीक्षा, आणि दिवाळीची सुट्टी यांच्या मधल्या काळात दिसेनाशी झालेली. म्हणजे आम्ही ज्या निकालाची चिकित्सा करत बसायचो, त्या निकालात ती मुलं नव्हतीच. तुमची यादी वेगळंही काही सांगेल. एखाद्या कॉलेजात पाचव्या सेमिस्टरला मकरपुऱ्याच्या किंवा वाघोडियाच्या कारखान्यात नोकरी लागून मुलं जातात, तिथला इलाज निराळा. पण जागा कळल्याशिवाय इलाज सुचवणारा माणूस भोंदू समजावा.

आता एक कबुली. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती यायची होती. मेंटॉर-मेंटी, म्हणजे शिक्षकाकडे सोपवलेला मुलांचा गट, हा विषय त्यांच्या विचारण्यात असायचा, दर शिक्षकामागं किती विद्यार्थी, भेटी कधी झाल्या, नोंदी कुठं आहेत. आमच्याकडे गट पाडलेले होते, नोंदी नव्हत्या. आदल्या रात्री आम्ही सात जण बसलो, सेव-उसळ मागवली आणि वर्षभराच्या भेटी एका रात्रीत घडवल्या. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून निळं पेन, मग काळं, मग पुन्हा निळं. समितीनं फाइल पाहिली, मान डोलावली. पुढं यादी करायला घेतली तेव्हा माझ्या गटातल्या एका मुलाच्या नावापुढे मी स्वतः लिहिलेलं सापडलं, 'प्रगती समाधानकारक'. त्या तारखेच्या चार महिने आधीच तो कॉलेज सोडून गेला होता. उत्तरदायित्व हा शब्द ऐकला की मला ते निळं पेन आठवतं.

फोन करण्याची पद्धत आम्ही ठरवून सुरू केली नाही, ती पावसानं लावली. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, विश्वामित्री नदी वस्त्यांमध्ये शिरली, कॉलेज बंद राहिलं. उघडल्यावर जी मुलं आली नाहीत त्यांची खुशाली विचारायला आम्ही फोन वाटून घेतले. हेतू एवढाच की कुणी अडकलंय का. पण उत्तरं भलतीच यायला लागली. एका आईला वाटत होतं की कॉलेज अजून सुरूच झालेलं नाही, कारण मुलगा तसं सांगत होता. एका मुलीची पुस्तकं आणि जर्नल पाण्यात गेलं होतं. नवं घ्यायला पैसे नाहीत आणि जर्नलशिवाय यायची लाज वाटते म्हणून ती घरी बसली होती. एक मुलगा नुसताच गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, कॉलेजमधून फोन आला?" त्याला फोनच्या विषयापेक्षा फोन आला याचंच जास्त नवल. त्या आठवड्यात फोन केलेल्यांपैकी, पुराशी काही संबंध नसलेली काही मुलंसुद्धा परत आली. त्यांना परत यायला निमित्त हवं होतं, ते पुरानं दिलं.

पुढच्या वर्षांत आम्ही त्याची घडी बसवली. चार खुणा ठरवल्या. पहिल्या तीन आठवड्यांत लागोपाठ चार दिवस गैरहजर. चौथ्या आठवड्यातल्या दहा मार्कांच्या छोट्या चाचणीला न बसणं (कमी मार्क पडणं ही खूण आम्ही मुद्दाम धरली नाही, जो बसतो तो अजून आपल्यात आहे). फी किंवा शिष्यवृत्तीचा कागद अडकलेला असणं. आणि शेवटची, परीक्षेचा फॉर्म न भरणं. साधं एक्सेल, लाल रंग. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवा. एक गोष्ट बडोद्यापुरती लक्षात ठेवा: नवरात्रात सकाळच्या साडेसातच्या लेक्चरला वर्ग ओस पडला तर ती खूण नाही, रात्रभर गरब्यात सगळेच होते. गणपती संपून नवरात्र लागेपर्यंतचा जो श्राद्धपक्ष असतो, त्यात ना सण ना सुट्टी. त्या पंधरवड्यात जो येत नाही, तो दिवाळीनंतरही येत नाही.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं उदाहरण या विषयात नेहमी दिलं जातं. तिथं २०१२पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या आठशेहून जास्त धोक्याच्या खुणा संगणक रोज तपासतो. लोक या आठशेवरच खूश होतात. तिथल्या लोकांनी संगणकाबरोबर सल्लागारही मोठ्या संख्येनं नेमले आणि खूण दिसली की थोड्याच दिवसांत माणूस त्या मुलापर्यंत पोचेल अशी सोय केली, हे सांगायचं राहून जातं. आठशे खुणा आणि फोन करायला कुणी नाही, यापेक्षा चार खुणा आणि वीस मुलांमागं एक शिक्षक बरा.

फोन कसा करावा हे लिहिते, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं. आधी मुलाला करा, आईवडिलांना नंतर. कॉलेजातून थेट वडिलांना फोन गेला की ती तक्रार होते आणि मुलगा तुमच्यापासून कायमचा तुटतो. 'का येत नाहीस' असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं: तब्येत. आमच्या गुजराती मुलांचं ठरलेलं, "मॅडम, कालथी आवीश", उद्यापासून येईन. तो उद्या कधी उगवत नाही. मी विचारायचे, "घरून किती वाजता निघतोस? कशानं येतोस? शेवटचं लेक्चर कुठलं ऐकलंस?" वस्तुस्थितीचे प्रश्न विचारले की वस्तुस्थिती बाहेर येते. फोन संपला की एक ओळ लिहायची, काय कळलं आणि आता पुढचं काम कुणाचं. मुलाचं, माझं, ऑफिसचं की प्राचार्यांचं. सल्ला देऊ नका. निदान पहिल्या फोनला तरी.

सावली गावाकडच्या एका मुलाचा फोन मला चांगला आठवतो. पहाटे उठून एसटी पकडायचा, बस आठच्या सुमारास डेपोत यायची. पहिलं लेक्चर साडेसातचं आणि ते अकाउंट्सचं. म्हणजे सगळ्यांत अवघड विषयाला तो रोज गैरहजर, हजेरी कमी, पुढचं सगळं ओघानं. त्या बसनं येणारी आणखी आठ मुलं निघाली. आम्ही अकाउंट्स दुसऱ्या तासाला नेलं आणि पहिल्या तासाला शहरातली मुलं जास्त असलेला ऐच्छिक विषय ठेवला. एवढंच. दोन वर्षं आम्ही त्या मुलांना 'निष्काळजी' म्हणत होतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठी, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या कॉलेजांसाठी, 'असाप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. एकच ठरलेला सल्लागार, फीतली तूट भरून देणं, पुस्तकं, आणि मेट्रोचा पास. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तो तपासला गेला, तेव्हा तीन वर्षांत पदवी पुरी करणारे साध्या गटात २२ टक्के आणि कार्यक्रमातल्या गटात ४० टक्के निघाले. मला त्यातला मेट्रोचा पास सगळ्यांत आवडला. आपल्याकडे एसटीच्या सवलतीच्या पासाच्या फॉर्मवर कॉलेजचा शिक्का लागतो. तो शिक्का तुमच्या ऑफिसात किती दिवस रखडतो, जरा बघून या.

भाषेचं दुखणं आपल्या गावात जुनं आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी, आणि खासगी कॉलेजातही पेपर इंग्रजीत असेल तर गुजराती किंवा मराठी शाळेतून आलेल्या मुलाचं पहिलं सेमिस्टर विषय शिकण्यात जातच नाही. नगरपालिकेच्या मराठी शाळेतून आलेली एक मुलगी माझ्याकडे सरासरी आणि प्रमाण विचलन सहज काढायची, तोंडी विचारलं तर हसत सांगायची. परीक्षेत तिनं एक प्रश्न कोराच सोडला. विचारलं तर म्हणाली, "'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे कशाचं उत्तर काढायचं ते कळलं नाही." अनुक्रमे! या एका शब्दापायी सात मार्क गेले. त्यानंतर मी जुन्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून त्यात विषयाचे नसलेले, पण प्रश्न विचारणारे शब्द वेचले. जस्टिफाय, डिस्टिंग्विश, हेन्स, असे साठेक निघाले. एका पानावर गुजराती आणि मराठी अर्थ लिहून पहिल्या आठवड्यात वाटायला लागले. महिनाभराच्या 'स्पोकन इंग्लिश'पेक्षा त्या एका पानानं जास्त काम केलं. आता नव्या शिक्षण धोरणामुळे भारतीय भाषांत पुस्तकं येताहेत, चांगलंच आहे. पण पेपर ज्या भाषेत येणार तिची तयारी चुकत नाही.

तुमच्या शीटवरून आणखी एक दिसेल. एटीकेटी सगळ्या विषयांत सारख्या पसरलेल्या नसतात. एक-दोन पेपर असे असतात की तिथंच गाडी अडते. आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरचं अकाउंट्स आणि, लपवत नाही, माझं स्टॅटिस्टिक्स. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेनं १९७३मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली. 'कच्ची मुलं' निवडायच्या ऐवजी 'अवघड पेपर' निवडला आणि त्या पेपराला जादा तास जोडला, कुणीही यावं. घेणारा, तोच पेपर आदल्या वर्षी चांगला सोडवलेला विद्यार्थी. त्यामुळे तिथं जाण्यात कमीपणा उरत नाही. आपल्याकडे 'रेमेडियल' असा बोर्ड लागला की ज्याला गरज आहे तोच तोंड लपवतो. आम्ही दुसऱ्या वर्षाची तीन मुलं निवडली, त्यांना तासामागं थोडं मानधन दिलं आणि बोर्डावर फक्त 'अकाउंट्सचा सराव, १२ वाजता' एवढंच लिहिलं. माझ्या विषयाला एका मुलीनं घेतलेले तास मी मागच्या बाकावरून ऐकले. मी १५ वर्षं जे ज्या क्रमानं शिकवत होते तो क्रम तिनं उलटा केला आणि मुलांना कळलं. रागही आला थोडा.

पैशाचं लिहायला सगळ्यांना संकोच वाटतो, पण मुलं मोठ्या रकमेसाठी क्वचित गळतात. फी कशीतरी भरली जाते. अडतं ते परीक्षा फीवर, लेट फीवर, फोनच्या रिचार्जवर. जॉर्जिया स्टेटनं २०११पासून, पदवीच्या जवळ पोचलेल्या पण छोट्या थकबाकीमुळे नाव कापलं जाणाऱ्या मुलांना छोट्या रकमा द्यायला सुरुवात केली, अर्ज मागवायची वाट न पाहता. आम्ही स्टाफचं एक भिशीसारखं खातं केलं, त्यातून परीक्षा फी भरायची. परत दिली तर ठीक. बहुतेकांनी दिली. आणि आधी फी न भरता प्रवेश मिळवून देणारं फ्रीशिप कार्ड हातात असताना "आधी फी भर, मग बघू" असं ऑफिसच्या खिडकीत ऐकून परत गेलेली मुलगीही आमच्याच यादीत सापडली. तिचं नाव 'स्वेच्छेनं सोडलं' या रकान्यात होतं.

कामाटीबागेत बाबासाहेबांची आठवण जपणारी संकल्पभूमी आहे, तुम्ही तिथून जातच असाल. १९१३मध्ये सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट होती की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७मध्ये बाबासाहेब ती अट पाळायला बडोद्याला आलेही. पण या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून हुसकावलं गेलं, गाव सोडावं लागलं. विद्यार्थ्यानं आपल्या बाजूचं पाळलं. ज्या काळात असा पैसा देण्याचं धाडस कुणी करत नव्हतं त्या काळात महाराजांनी तो दिला, तरी शहरानं आपल्या बाजूचं पाळलं नाही. आजही उत्तरदायित्वाचे कागद बघा, मुलाची हजेरी, मुलाचे मार्क, मुलाची हमीपत्रं. संस्थेच्या बाजूचा कागद शोधावा लागतो. वर्गात कुणाशेजारी कुणी बसत नाही, हे मात्र कागदाशिवायही दिसतं. तेवढं पाहायची सवय लावून घ्या.

म्हणून मंडळाला माझ्या मते असं सांगा. निकालाऐवजी एक तक्ता दर तीन महिन्यांनी पुढे ठेवू. खूण कधी दिसली, फोन कधी झाला, काय कळलं, काम कुणाच्या हातात होतं, पुढे काय झालं. आमच्याकडे असा पहिला तक्ता ठेवला तेव्हा 'काम कुणाच्या हातात' या रकान्यात शिक्षकांपेक्षा ऑफिस आणि वेळापत्रक जास्त वेळा आलं आणि मीटिंगमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका सभासदांनी विचारलं की व्हिजिटिंग शिक्षक दर सेमिस्टरला का बदलतात. हा प्रश्न इतकी वर्षं कुणी विचारलाच नव्हता! त्यांना मानधन सेमिस्टर संपल्यावर मिळायचं, म्हणून ते दुसरीकडे जायचे. शिक्षकाला विचारायचंच असेल तर त्याच्या हातातलं विचारा: हजेरी त्याच दिवशी चढवली का, चाचणीचे पेपर दहा दिवसांत परत दिले का, आपल्या वीस मुलांना फोन केले का. यात कुचराई केली तर जरूर नोंद करा, मी स्वतः केली आहे. पण मग फोनचा तास वेळापत्रकात दाखवा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आणि एकूण ४० तास काम धरलंय. तुमच्याकडे शिकवण्याचे तास २४ असतील तर मेंटॉरिंग पुन्हा निळ्या पेनानंच होणार.

वेतनवाढ निकालाला जोडली तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. इंटरनलचे मार्क तुमच्याच हातात आहेत, ते फुगतील. अमेरिकेतल्या काही राज्यांनी कॉलेजांचं अनुदान पदव्यांच्या संख्येला जोडून पाहिलं. अभ्यासकांना दिसलं की पदव्या फारशा वाढल्या नाहीत, छोट्या मुदतीची प्रमाणपत्रं मात्र वाढली. माणसं ज्याचे पैसे मिळतात ते पिकवतात.

"म्हणजे मुलांची काही जबाबदारीच नाही का?" असं तुमचे ज्येष्ठ सहकारी विचारतील. आहे. तीन फोननंतर मी मुलाला बोलावून समोर दोन पर्याय ठेवायचे आणि त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यायचे. त्या कालथी आवीशवाल्यानं यायचं लिहून दिलं, तरी आला नाही. मी चौथा फोन केला नाही. तो नापास झाला, पुढच्या वर्षी रिपीटर म्हणून आला आणि पुरं करून गेला. दुसरा एक मुलगा सरळ म्हणाला की त्याला वायरिंग शिकायचंय, कॉमर्स काकांनी घ्यायला लावलं. त्याला आम्ही आयटीआयचा फॉर्म भरून दिला. त्याला गळालेला धरणारा तक्ता चुकीचा. सगळ्यांनी बी.कॉम. व्हावं असा माझा आग्रह कधीच नव्हता, जाणारा सांगून आणि काहीतरी हातात घेऊन जावा एवढाच होता.

'हातात घेऊन' याला आता नियमाचा आधारही आहे, फक्त तो मुलांना कुणी सांगत नाही. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट झाले आणि उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यवसाय अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. लग्न ठरलं म्हणून जाणाऱ्या मुलीला, घरची नोकरी धरायला लागणाऱ्या मुलाला हे दाखला काढायच्या आधी कळायला हवं. दाखल्याच्या अर्जावरच एक ओळ छापून घ्या: मेंटॉरशी बोलणं झालं का. कागद वाढवायचा मला तिटकारा आहे, पण ही ओळ वाढवा.

पालकसभा, प्रेरणादायी व्याख्यानं, गैरहजेरीचा दंड यांवर मी फार लिहीत नाही. ज्यांचे पालक सभेला येतात ती मुलं गळणारी नसतात, आणि दंडानं फक्त आणखी एक थकबाकी तयार होते.

आत्ता सेमिस्टर अर्धं सरलं असेल तर पहिल्या तीन खुणा हातच्या गेल्या, चौथीपासून सुरू करा. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख असते तिच्या तीन दिवस आधी, न भरलेल्यांची नावं ऑफिसातून मागा आणि त्याच दुपारी फोन वाटून घ्या. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी पोर्टल बसतं, सायबर कॅफेत रांग असते आणि पाचनंतर ऑफिसात फोन कुणी उचलत नाही.